पीपीटीने शिकवलं की वर्ग शांत, पण चाचणीत किरणाकृती चुकते: नेमकं कुठे बिघडतंय?

माहुलीसंगम (सातारा)

नमस्कार. दहावी, विज्ञान भाग १, ‘भिंगे व त्यांचे उपयोग’ हा धडा. पट ५८, तासिका ३५ मिनिटांची, सेमी इंग्लिशची तुकडी. खोली २० बाय २४ फूट. समोर ६५ इंची पॅनेल, त्याच्या डाव्या हाताला साधा फळा. धड्याची पीपीटी ४२ स्लाइडची आहे. वस्तूच्या सहा स्थितींच्या सहा किरणाकृती, रंगीत आणि ॲनिमेशनसह, मग व्याख्या, चिन्हसंकेत (कोणतं अंतर धन, कोणतं ऋण), सोडवलेली चार उदाहरणं, डोळ्याचे दोष आणि शेवटी नऊ मिनिटांचा व्हिडिओ.

वर्ग शांत बसतो. ‘समजलं का?’ म्हटलं की एका सुरात ‘हो सर’. घटक चाचणीत व्याख्या आणि जोड्या लावा बरोबर येतात, पण ‘वस्तू एफ-१ आणि २एफ-१ च्या दरम्यान असताना किरणाकृती काढा’ इथे घसरण होते (एफ म्हणजे नाभी, समांतर किरण भिंगातून गेल्यावर जिथे मिळतात तो बिंदू; २एफ त्याच्या दुप्पट अंतरावर; १ वस्तूच्या बाजूचा, २ पलीकडचा). किरण भिंगातून सरळ जातो आणि पुढे नाभीपाशी येऊन वळतो. प्रतिमा सुलट काढलेली असते. गणितात यू (वस्तूचं भिंगापासूनचं अंतर) ऋण घ्यायचा राहून जातो. संविधान तक्त्याच्या (प्रश्नपत्रिकेतल्या गुणांच्या विभागणीच्या) भाषेत सांगायचं तर ज्ञानाचे गुण मिळतात, उपयोजन आणि कौशल्याचे जातात.

स्लाइड कमी करायच्या तर कोणत्या काढायच्या? व्हिडिओ आधी लावावा की शेवटी? आणि पीपीटी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकावी का? शेवटच्या दोन बाकांवरून पॅनेलवरचं वाचता येत नाही अशीही तक्रार आहे.

खडू_पाटी (कराड)

सर, तुम्ही चुका नेमक्या लिहिल्यात म्हणून उत्तरही नेमकं देता येतं. ‘किरण नाभीपाशी वळतो’ ही चूक निष्काळजीपणाची नाही. मुलांनी तयार आकृती पाहिली, ती होताना पाहिली नाही. पूर्ण आकृतीत डोळा रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे जातो, आणि नाभी अशाच गर्दीच्या जागी असते. वळणं भिंगात होतं हे त्या चित्रात कुठेच ठसत नाही. ॲनिमेशनमध्ये ते दिसतं खरं, पण पाऊण सेकंदात निघून जातं.

कारण स्मरणाच्या मर्यादेत आहे. एका वेळी मनात सातच्या आसपास गोष्टी धरता येतात हे मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये मांडलं. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये तो आकडा चारच्या आसपास आणला. ही मर्यादा नव्या माहितीपुरती. आधी पक्की झालेली गोष्ट एकच जागा घेते. आता तुमच्या किरणाकृतीच्या स्लाइडवर काय काय आहे ते मोजा: वस्तू, प्रतिमा, दोन नाभी, दोन २एफ, प्रकाशीय मध्य, तीन किरण, बाजूला चार ओळी मजकूर, आणि वर सरांचा आवाज. मुलगा त्यातलं सोपं तेवढं उचलतो, म्हणजे व्याख्या. जॉन स्वेलर यांनी १९८८ पासून मांडलेला बोधात्मक भाराचा सिद्धान्त हाच आहे. समजून घ्यायला लागणारी जागा पडद्यावरची गर्दीच खाऊन टाकते.

दुसरं, पडद्यावरची वाक्यं वाचून दाखवणं. वाचताना आणि ऐकताना मेंदूचा भाषेचा रस्ता एकच असतो. आपण एका वेगाने बोलतो, मुलं दुसऱ्या वेगाने वाचतात, आणि ५८ पैकी निम्मी तोवर वहीत उतरवायला लागलेली असतात. रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांत हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे. चित्र आणि आवाज एवढं असलं तर शिकणं चांगलं होतं, त्यावर तोच मजकूर लिहून घातला की खालावतं.

म्हणून माझं म्हणणं एकच: जे तोंडाने आणि खडूने होत नाही तेवढंच पडद्यावर. किरणाकृती खडूने होते, आणि खडूनेच व्हावी, कारण खडूचा वेग मुलाच्या पट्टीच्या वेगाइतकाच असतो.

ती अशी घ्या. नाभीय अंतर १० सेंमी, वस्तू १५ सेंमीवर. वहीत प्रमाण १ सेंमी = ५ सेंमी, म्हणजे नाभी २ सेंमीवर, २एफ ४ सेंमीवर, वस्तू ३ सेंमीवर आणि १ सेंमी उंच. प्रतिमा पलीकडे ६ सेंमीवर येते, एकूण ९ सेंमी, वहीच्या पानावर आरामात बसते. फळ्यावर वहीच्या वीसपट: नाभी ४० सेंमीवर, वस्तू ६० वर, प्रतिमा १२० वर. आठ फुटी फळा पुरतो.

आधी फक्त मुख्य अक्ष, भिंग आणि खुणा. मुलं काढेपर्यंत थांबा, सर्वांच्या पेन्सिली खाली येऊ द्या. मग वस्तूच्या टोकापासून अक्षाला समांतर किरण भिंगाच्या मधल्या उभ्या रेषेपर्यंत, आणि खडू तिथेच टेकवून ठेवा. उचलायचा नाही. विचारा, ‘आता हा कुठे जाणार?’ दोन-तीन उत्तरं येऊ द्या. मग त्याच ठिकाणाहून एफ-२ कडे वळवा आणि २एफ-२ च्याही पुढे न्या. हे खडू टेकवून थांबणंच नाभीपाशी वळणारा किरण घालवतं. दुसरा किरण प्रकाशीय मध्यातून, न वळता. दोन्ही अक्षाच्या खाली भेटतात. पट्टी लावून मोजायला लावा: भिंगापासून ६ सेंमी, उंची २ सेंमी, खालच्या बाजूला. उलट, वास्तव, दुप्पट. दोन किरण पुरेत. तिसरा दुसऱ्या दिवशी ताळ्यासाठी.

त्याच आकृतीखाली गणित, १/व्ही − १/यू = १/एफ या सूत्राने (इथे एफ म्हणजे नाभीय अंतर १०, यू = −१५): १/व्ही = १/१० − १/१५ = १/३०, व्ही (प्रतिमेचं भिंगापासूनचं अंतर) = ३० सेंमी, विशालन (प्रतिमेची उंची भागिले वस्तूची) −२. आकृतीतले ६ सेंमी गुणिले ५ म्हणजे ३०. इथे मुलांना सूत्र आणि चित्र एकच आहेत हे दिसतं. यू ऋण का, तेही आकृतीत बोट ठेवून दाखवता येतं, कारण वस्तू भिंगाच्या डावीकडे आहे. चिन्हसंकेताची वेगळी स्लाइड काढून टाका. ती पाठ होते, वापरली जात नाही.

हरिपूरकाठ (सांगली)

मागच्या बाकांचं मी सांगतो, कारण यात मुलांचा काही दोष नाही, हे साधं मापाचं काम आहे.

६५ इंची पॅनेलच्या चित्राची उंची साधारण ८१ सेंमी. नियम जुना आहे: मजकूर वाचायचा तर शेवटचा डोळा चित्राच्या उंचीच्या सहापटीत हवा, नुसता व्हिडिओ पाहायचा तर आठपटीत, बारीक आकृती किंवा आकडे वाचायचे तर चारपटीत. ८१ ची सहापट ४.९ मीटर, सोळा फूट. तुमची खोली २४ फूट खोल, शेवटचा बाक बावीस फुटांवर धरला तर ६.७ मीटर. म्हणजे आठपटीच्याही बाहेर. ७५ इंची घेतलं तरी सहापट ५.६ मीटरच. आठ फूट रुंद प्रोजेक्टरच्या चित्राची उंची मात्र १३७ सेंमी, सहापट सव्वाआठ मीटर, सगळी खोली आत येते. पॅनेल उजळ असतं म्हणून सगळे तेच मागतात, पण ५८ पटाच्या खोलीला ते लहान पडतं.

पॅनेल बदलता येणार नसेल तर स्लाइड बदला. तपासायची रीत: १५.६ इंची लॅपटॉपवर स्लाइड पूर्ण पडदा करून उघडा आणि १६० सेंमी, म्हणजे सव्वापाच फूट मागे उभे राहा. तुमच्या शेवटच्या बाकावरून पॅनेल जेवढं दिसतं तेवढंच तुम्हाला लॅपटॉपवरचं दिसेल. तिथून अनुस्वार आणि रफार वाचता आले तरच अक्षर पुरेसं मोठं आहे. इंग्रजी स्लाइडसाठी सांगितलेला आकार देवनागरीला तसाच लावू नका. आपल्या अक्षरात वर वेलांटी, मात्रा, खाली उकार, आणि जोडाक्षरात सगळी गर्दी मध्ये. ओळींतलं अंतर १.२ ते १.३ ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. मंगल फॉन्टच्या रेषा पॅनेलवर बारीक दिसतात. निर्मला किंवा मुक्ता ठळक करून वापरा.

फॉन्टवरून आणखी एक. स्लाइड श्रीलिपीत किंवा कृतीदेवात टाइप केलेल्या असतील तर दुसऱ्या संगणकावर फॉन्ट नसल्यास निव्वळ चिन्हांचा काला होतो. पॅनेलच्या आतल्या अँड्रॉइडवर तर हमखास. युनिकोडमध्ये टाइप करा, आणि पेनड्राइव्हवर पीपीटीसोबत पीडीएफ प्रतही ठेवा. ॲनिमेशन जाईल, पण तासिका जाणार नाही.

उजेड: प्रोजेक्टर वापरणाऱ्यांसाठी. लुमेन म्हणजे यंत्राचा एकूण प्रकाश, लक्स म्हणजे त्यातला दर चौरस मीटरला पडणारा. ३००० लुमेनचा प्रकाश ८ बाय साडेचार फुटांवर पसरला की भिंतीवर जेमतेम ९०० लक्स पडतो. खिडकीतून त्याच भिंतीवर ३०० लक्स येत असेल तर पडद्यावरचा ‘काळा’ रंग म्हणजे तो ३०० चा उजेडच. प्रोजेक्टर अंधार फेकू शकत नाही. पांढऱ्या-काळ्यातला फरक उरतो चारास एक. म्हणून उजेडाच्या खोलीत पांढऱ्यावर गडद अक्षर, काळ्या पार्श्वभूमीवर पिवळं नको. सगळ्या खिडक्या बंद करून वर्ग काळोखा करू नका, मुलांना लिहायचं असतं. पडद्याजवळच्या दोन खिडक्या आणि पुढची ट्यूब बंद, मागचं सगळं चालू. पॅनेलची अडचण उलटी असते, समोरच्या खिडकीचं प्रतिबिंब काचेत दिसतं. एका कोपऱ्यातल्या बाकांना उत्तराऐवजी खिडकी दिसते. त्या बाकावर स्वतः बसून बघा.

किरणांना लाल-हिरवा असा भेद देऊ नका. काही मुलांना तो दिसतच नाही. सलग रेषा, तुटक रेषा आणि बाण पुरेत. तुटक रेषा आभासी (मागे वाढवलेल्या, प्रत्यक्ष नसलेल्या) किरणांसाठी राखून ठेवा.

वहीपेन (विटा)

खडू_पाटी सरांचं किरणाकृतीबद्दलचं सगळं पटलं, पण ‘खडूनेच’ हा शब्द जरा सैल करायला हवा. फळ्याकडे तोंड, वर्गाकडे पाठ, घाईत वाकडी झालेली भिंगाची रेषा आणि त्यामुळे एका बिंदूत न मिळणारे किरण, हेही मुलांच्या वहीत जसंच्या तसं उतरतं. माध्यम चांगलं की वाईट हा वाद १९८३ मध्ये रिचर्ड क्लार्क यांनीच मोडीत काढायचा प्रयत्न केला. त्यांचं म्हणणं, फरक पडतो तो शिकवण्याच्या पद्धतीने, साधनाने नव्हे. रॉबर्ट कोझ्मा यांनी त्याला उत्तर दिलं की काही साधनांना काही गोष्टी दाखवता येतात, दुसऱ्यांना येत नाहीत. मला कोझ्मांचं अधिक पटतं. वस्तू अनंतापासून भिंगाकडे सरकत येताना प्रतिमा आधी हळू, मग नाभीजवळ भरकन लांब पळते आणि नाभी ओलांडली की वस्तूच्याच बाजूला सुलट उभी राहते. ही हालचाल सहा वेगळ्या आकृत्यांत कधीच दिसत नाही. मुलं सहा स्थिती म्हणजे सहा पाठांतरं समजतात. कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट संचात भिंगाचं प्रतिरूप (पडद्यावर वस्तू सरकवून पाहता येणारी प्रतिकृती) आहे, मोफत आहे, फाइल उतरवून ठेवली की इंटरनेटशिवाय चालतं. तेवढ्यासाठी पॅनेल हवंच. पेशीविभाजन, हृदयाच्या झडपा यांचंही तेच.

मात्र ते दाखवायची वेळ किरणाकृती दोनदा हाताने काढून झाल्यावर. आधी दाखवलं तर मुलं फक्त हलणारं बघतात. आणि सरकवण्याआधी पाटीवर उत्तर लिहून घ्यायचं: ‘वस्तू जवळ आणली की प्रतिमा जवळ येईल की लांब जाईल?’ ज्याने उत्तर लिहिलंय तो पडद्याकडे वेगळ्या नजरेने बघतो.

नऊ मिनिटांचा व्हिडिओ शेवटी लावला की तासिकेची घंटा त्यातच होते, चर्चा राहते. दीड-दोन मिनिटांचे तुकडे करा. प्रत्येक तुकड्याआधी एक प्रश्न, तुकड्यानंतर विराम. सुरुवातीचं संगीत, फिरतं बोधचिन्ह, ‘लाइक करा’ हे सगळं कापा. मजेदार पण विषयाबाहेरचे तुकडे नुसते निरुपयोगी नसतात, नुकसान करतात. हार्प आणि मेयर यांनी १९९८ मध्ये वीज कशी पडते या पाठात अशा चुरचुरीत माहितीची भर घालून पाहिली. मुख्य कार्यकारणभाव मुलांना कमी आठवला आणि नव्या प्रश्नांना उत्तरंही कमी आली.

सेमी इंग्लिशसाठी एक अपवाद सांगते, तो महत्त्वाचा आहे. ‘बोललेलं लिहू नका’ हा नियम मातृभाषेतल्या वाक्यांना लागू. शब्द परका असेल तर तो लिहिलेला दिसायलाच हवा. ‘फोकल लेंग्थ’ कानाने ऐकून अर्ध्या मुलांना शब्द कुठे तुटतो हेच कळत नाही. म्हणून पहिल्या तीन मिनिटांत एक स्लाइड: भिंगाचं मोठं चित्र, किरण नाहीत, फक्त पाच नावं, प्रत्येक नाव त्या त्या भागाला चिकटून, इंग्रजी शब्द मोठा आणि खाली मराठी. बाजूला क्रमांकांची यादी करून चित्रात १, २, ३ घालू नका. डोळा येरझाऱ्या घालतो आणि त्यातच दमतो. स्पष्टीकरण मराठीत बोला.

प्रशिक्षणात हटकून दाखवला जाणारा तो त्रिकोणही सोडून द्या: वाचलेलं १० टक्के, ऐकलेलं २० टक्के, केलेलं ९० टक्के लक्षात राहतं वगैरे. एडगर डेल यांनी १९४६ मध्ये अनुभवाचा शंकू काढला तेव्हा त्यात एकही आकडा नव्हता. टक्के नंतर कुणीतरी चिकटवले. ‘हा मुलगा दृश्य प्रकारचा, तो श्राव्य प्रकारचा’ हेही तसंच. त्याप्रमाणे वेगळं शिकवल्याने फायदा होतो याला पुरेसा पुरावा नाही, असं पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये सगळं संशोधन चाळून सांगितलं. भिंगाची आकृती सगळ्यांनीच बघायला हवी आणि सगळ्यांनीच काढायला हवी.

माहुलीसंगम (सातारा)

सर्वांचे मनापासून आभार. ४२ पैकी आता पहिल्या दोन तासिकांपुरत्या सहा स्लाइड उरतात: नावांची एक, सोडवलेल्या उदाहरणाची एक, अर्ध्या सोडवलेल्याची एक, फेटकडे जाण्याआधीच्या प्रश्नाची एक, आणि पाटीवरच्या प्रश्नांच्या दोन. किरणाकृती सगळ्या फळ्यावर. पण सहाच्या सहा स्थिती फळ्यावर काढायच्या तर दोन तासिका पुरतील का? आणि व्हॉट्सअ‍ॅपचं राहिलं.

खडू_पाटी (कराड)

वहीपेन मॅडम, ‘खडूनेच’ मागे घेतो. फेटचं पटलं.

सर, सहाही स्थिती फळ्यावर नकोतच. दोन तुम्ही काढा: एफ आणि २एफ च्या दरम्यान, आणि नाभीच्या आत. बाकी चार मुलांनी वहीत, दोन घरी, दोन वर्गात. नाभीच्या आतली मुद्दाम तुम्हीच घ्या, कारण तिथे किरण पुढे भेटत नाहीत, मागे तुटक रेषांनी वाढवावे लागतात. ते न बघता कुणाला सुचत नाही.

उदाहरणांचा क्रम बरोबर धरलात. पहिलं पूर्ण सोडवलेलं, दुसऱ्यात शेवटच्या दोन पायऱ्या मोकळ्या, तिसरं पूर्ण मुलांनी. सोडवलेल्याच्या शेजारी लगेच तसंच एक सोडवायला द्यावं, चार सोडवलेली ओळीने दाखवू नयेत. चौथ्यापर्यंत मुलं वाचतही नाहीत, फक्त उतरवतात. आणि उदाहरण दाखवून झालं की पडदा काळा करा, कीबोर्डवर ‘बी’ दाबलं की होतो. पुन्हा दाबलं की चित्र परत येतं. आधीची स्लाइड तशीच मागे उजळत राहिली की निम्म्या वर्गाची नजर तिथेच.

पीपीटी ग्रुपवर आधी टाकू नका. ‘मिळणारच आहे’ म्हटलं की वही बंद. त्याऐवजी एक पान द्या: अक्ष आणि भिंग छापलेलं, खुणा आणि किरण रिकामे, चिन्हसंकेताची ओळ अर्धवट. मुलांनी वर्गात भरायचं. भरलेल्या पानाची प्रत आठवड्याने ग्रुपवर टाका, पडताळणीला. गैरहजर मुलांना रिकामं पान आणि बाकावरच्या शेजाऱ्याची वही.

आता पाटीबद्दल, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त फरक इथेच पडेल. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात एका गटाने उतारा चारदा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून तीनदा आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे होते, ८३ विरुद्ध ७१ टक्के. आठवड्याने ६१ टक्के आठवून लिहिणाऱ्यांना आठवलं, वाचणाऱ्यांना ४०. तुमच्या वर्गातला ‘हो सर’ पाच मिनिटांनंतरचा आहे. घटक चाचणी काही आठवड्यांनंतरची. पीपीटी नीट सरकत गेली की सगळं कळल्यासारखं वाटतं, आणि ते वाटणं मुलांना तसं शिक्षकालाही फसवतं.

म्हणून तासिकेची पहिली चार मिनिटं पाटीला. तीन प्रश्न: एक कालचा, एक मागच्या आठवड्यातला, एक गेल्या महिन्यातल्या धड्याचा. पुस्तक बंद, वही बंद. तीन म्हटलं की सगळ्यांच्या पाट्या एकदम वर. एकेकाला विचारलं की हुशार मुलं उत्तर देतात आणि बाकीचे सुटतात. पाटीवर ५८ उत्तरं एका नजरेत दिसतात. पाट्या नसतील तर ए-फोर कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून त्यावर बोर्डपेन, कापडाने पुसलं जातं. प्रश्न असे की चूक कुठली ते पाटीवरच कळावं. ‘किरण कुठे वळतो ते टिंबाने दाखवा.’ ‘वस्तू डावीकडे २० सेंमीवर, यू लिहा.’ पहिल्यात टिंब नाभीवर पडलं, किंवा दुसऱ्यात वजा चिन्ह राहिलं, की त्याच क्षणी समजतं.

पुढच्या चाचणीत किरणाकृतीचे तीन गुण एकगठ्ठा देऊ नका. वहीत तीन रकाने आखा: वळण भिंगात आहे का, दोन किरण योग्य बिंदूंतून गेलेत का, प्रतिमा योग्य बाजूला आणि बाणासकट आहे का. गणितात चौथा रकाना, यू चं चिन्ह. पाठाआधी रिकाम्या पानावर एकदा, चाचणीत एकदा आणि सहामाहीत एकदा याच चार रकान्यांत खुणा केल्यात की कोणती स्लाइड काढली ती बरोबर आणि कोणती परत आणायची ते तुमच्याच वर्गाच्या खुणा सांगतील. पहिला रकाना भरला तर मला इथे कळवा, नववीच्या प्रकाशाच्या परावर्तनालाही हीच रीत लावायची आहे.